वाटीचं वजन

'थोडं' हा शब्द ऐकला की माझ्या भिलाईच्या घरमालकांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा. रुआबांध्याला त्यांच्या वरच्या दोन खोल्या बघायला मी गेले, त्या दिवशी चहा त्यांनीच केला आणि साखर किती घालू म्हणून विचारलं. मी म्हटलं, थोडीच. ते स्वयंपाकघराच्या दारात थबकले. थोडी म्हणजे किती, म्हणाले. मी म्हटलं, एक चमचा. त्यावर ते बाहेर आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि वर्गातल्या कच्च्या मुलाला समजावतात तसं मला म्हणाले, "चमचा हे भांडं आहे मॅडम, माप नाई. वाटी बी भांडंच आहे. लोक भांड्याले माप समजतात अन् मंग म्हनतात, आज चहा गोड कसा झाला."

त्या वेळी मी इतकी थकलेली होते की मला ते बोलणं विचित्रसुद्धा वाटलं नाही. गोंदियाहून मी भिलाईला आले ती एका खासगी शाळेत नोकरी मिळाली म्हणून. नवऱ्याचं घर सोडलं होतं, नागपूरच्या कोर्टात तारखा चालू होत्या. सकाळी शाळा, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी वह्या. साखर कोणी मोजून घालो की ओतून घालो, मला फक्त दार लावून आडवं व्हायचं होतं. खोल्या स्वच्छ होत्या, जिना बाहेरून होता. मी हो म्हटलं.

सामान आणलं त्या दिवशी घरमालकांनी, म्हणजे काकांनी, माझी एक बॅग उचलून हातातच दोनदा झुलवली आणि मनाशी काहीतरी पुटपुटले. नंतर कळलं की ते तिचं वजन सांगत होते. त्यांना ती खोडच होती. हातात आलेली वस्तू, मग ती दुधी भोपळा असो की शेजारच्यांचं बाळ, ते एकदा झुलवत आणि आकडा सांगत. बाळाची आई कौतुकाने हसायची, भाजीवाला हसायचा नाही. गॅसचा सिलिंडर आला की तो ते न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभा करत. स्वयंपाकघरात एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्यावर स्वच्छ पांढरा रुमाल झाकलेला असे. काकांचा सकाळचा चहा, त्यांच्या पोह्यातलं मीठ, संध्याकाळची खिचडी, सगळं त्या काट्यावरून जाई.

ते प्लांटमधून रिटायर झाले होते. नोकरी ब्लास्ट फर्नेसच्या बाजूची. भट्टीत जाणारं खनिज, कोक आणि चुनखडी तोलून वर चढवायची, त्यांच्या भाषेत चार्जिंग, हे त्यांनी जन्मभर केलं. रिटायर होऊन वर्षं झाली तरी ते फिरायला जाताना प्लांटचे जाड बूट घालायचे आणि दिवसाचे तुकडे शिफ्टनेच करायचे. पाणी कधी येतं म्हणून मी विचारलं तर म्हणाले, सेकंड शिफ्ट सुटायच्या जरा आधी. म्हणजे रात्री दहाच्या आधी, हे मला समजायला काही आठवडे लागले. भट्टीबद्दल ते एखाद्या तापट सासऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. तिला अंदाजाने खाऊ घातलेलं चालत नाही. ओल्या कोकची टोपली आणि सुक्या कोकची टोपली दिसायला सारखीच, पण भट्टी ओळखते. ती अडून बसली की मग साहेबापासून मजुरापर्यंत कोणाला झोप नाही.

काकू याच्या अगदी उलट होत्या. भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातल्या, थोराड अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. मी राहायला आले तेव्हा त्या धडधाकट होत्या आणि स्वतःच्या रांधण्यात काकांना लुडबूड करू देत नसत. काकांचा काटा कोपऱ्यात, रुमालाखाली. "त्याईचं त्याईच्यापुरतं," त्या म्हणायच्या. काकूंचं सगळं मुठीने, चिमटीने, वाटीने चाले, आणि चव अशी की मी वर दमून पडलेली असले तरी फोडणीच्या वासाने उठून बसायची.

आणि त्या केक करायच्या. लग्न होऊन भिलाईला आल्या तेव्हा त्यांनी केक पाहिलाही नव्हता. सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये शेजारी एक मल्याळी नर्स राहायची, तिने शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे सगळी शिकवणी हातानेच झाली. ही वाटी, इतकी भर, असं ढवळ. पुढे त्या ओळीतल्या प्रत्येक पोराच्या वाढदिवसाचा केक काकूंच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमधून निघाला. क्रीम नाही, फुलं नाहीत, साधा पिवळा केक, वरून तपकिरी. त्यांच्या हातचा तो मी एकदाच खाल्ला, त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला. नातू बेंगळुरूला, केक इथे. फोनवर त्याला दाखवला आणि आम्ही तिघांनी खाल्ला. तसा केक मी त्या घराबाहेर कुठे खाल्लेला नाही.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात काकू अंगणात कपडे वाळत घालताना पडल्या. अर्धांगवायूचा झटका होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं राहिलं, पण हळू आणि तुटक झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि बसूनच राहिल्या. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, तिच्यासमोर त्या डोळे मिटून घ्यायच्या. जेवायच्या नाहीत. बेंगळुरूहून मुलगा आला, काही दिवस राहिला, सुट्टी संपल्यावर गेला. मी सकाळी जाताना दारातून हाक मारायची, त्या मान हलवायच्या. एवढा मोठा आवाज त्या घरातून गेला आणि मला, जिला शांतता हवी होती, ती शांतता अंगावर येऊ लागली.

काकांनी न बोलता सगळं अंगावर घेतलं. काकूंना न्हाऊ घालणं, वेणी घालणं, औषधं, स्वयंपाक. भात ग्रॅमवर, डाळ ग्रॅमवर, पाणी मिलिलिटरवर. वाईट नसायचं ते. काकू दोन घास खायच्या आणि ताट सरकवायच्या. असे दोन-अडीच महिने गेल्यावर एका रविवारी काकांनी जाहीर केलं की ते केक करणार आहेत. तिचा केक, तिने केला तस्साच. तिला विचारून.

त्यांनी काकूंची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. मी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होते, तर मलाही आत बोलावलं. साक्षीदार लागतो, म्हणाले. ओट्यावर सगळं मांडलं होतं, काट्यावरचा रुमाल काढलेला.

मैदा किती, त्यांनी विचारलं. दोन वाट्या, काकू म्हणाल्या. कोणती वाटी? नेहमीची. नेहमीची कोणती, असं म्हणत काकांनी मांडणीवरच्या सगळ्या वाट्या खाली काढल्या. दिसायला सारख्या तीन निघाल्या आणि पाण्याने भरून तोलल्या तर तिन्ही वेगळ्या. त्यांनी तिन्ही काकूंपुढे धरल्या. काकूंनी डाव्या हाताने एकीवर बोट ठेवलं. मग प्रश्न आला, भरायची कशी. काकू म्हणाल्या, भरतात तशी. काकांनी एकदा चमच्याने मैदा हळूहळू सोडत वाटी भरली, एकदा वाटी डब्यात खुपसून भरली, एकदा भरून ओट्यावर ठोकली आणि वर आणखी दाबला. तिन्ही वेळा काट्यावर ठेवून बघितलं. पहिल्या आणि शेवटच्या वाटीत चांगला मूठभर मैद्याचा फरक. ते त्या आकड्यांकडे बघतच राहिले.

"भट्टी असती तर बसली असती न," ते मला म्हणाले. "अन् ही बाई तीस वर्षं असंच घालत होती."

काकूंनी मान वळवून घेतली. माझं लक्ष होतं म्हणून दिसलं, त्यांच्या तोंडाचा चांगला कोपरा किंचित वर गेला होता.

पहिला केक वीट झाला. दुसऱ्या रविवारचा मधोमध बसला. तिसरा वरून करपला आणि आतून ओला राहिला. काकू प्रत्येक वेळी चमचाभर तोंडात घालायच्या, चघळायच्या आणि म्हणायच्या, "नाई." एवढंच. उरलेला केक माझ्या वाट्याला येई. त्या महिन्यांत माझं रात्रीचं जेवण म्हणजे काकांचा फसलेला केक आणि चहा. स्वयंपाक करायचं त्राण नसायचं, तेव्हा विटेचाही आधार वाटायचा.

मग काकांच्या डोक्यात आलं की घोटाळा भरण्यात आहे. बायका वाटी कशी भरतात हेच शोधलं पाहिजे. एका रविवारी सकाळी ते मैद्याचा डबा, ती वाटी आणि बगलेत काटा घेऊन गल्लीत निघाले. दार वाजवायचं, नमस्कार करायचा आणि घरातल्या बाईला सांगायचं, केकसाठी भरतात तशी ही वाटी भरून द्या. समोरची छत्तीसगढी वहिनी झाडू टाकून आली, डब्यात हात घातला आणि वर शिखर येईल अशी वाटी भरली. "ले कका, भर देंव," म्हणाली, आणि काका तिथेच उंबऱ्यावर बसून तोलायला लागले तशी पदर तोंडाला लावून आत पळाली. कोपऱ्यावरच्या बंगाली मावशींनी आधी मैदा चाळून द्या म्हणून सांगितलं. एकीने विचारलं, कका, तब्येत बरी आहे न तुमची. मलाही भरायला लावली. मी भरली आणि सवयीने बोटाने वरून सपाट केली. काका म्हणाले, मास्तरणीची वाटी, फळ्यासारखी. दुसऱ्या फेरीपासून गल्लीतल्या बायका त्यांना पाहिलं की दार ओढून घेऊ लागल्या.

मला त्यांची कीव यायची आणि रागही. इतकं कशाला, असं वाटायचं. बाजारात केक मिळतो. या माणसाला थकवा कसा येत नाही? काकूंचं सगळं करून, रात्री उठून, पुन्हा रविवारी सकाळी आंघोळ करून ते एखाद्या पूजेला बसावं तसे त्या ओट्याशी उभे. पण एक गोष्ट मी बघत होते. रविवारी काकू खुर्चीतून दारात यायला तयार असत. वेणी घातलेली, साडी बदललेली. काका विचारत आणि त्या उत्तरं देत. साखर किती, लोणी किती, ढवळायचं कुठल्या बाजूने, अंडी आधी की मागून. चिडत सुद्धा. बाकी सहा दिवसांत त्यांच्या तोंडून जेवढे शब्द निघत नसत, तेवढे त्या एका सकाळी निघत.

उन्हाळा लागता लागता एका रविवारी काका ताजा मैदा आणायला कॅम्प-एकच्या जुन्या बाजारात गेले. रुआबांध्यातल्या दुकानाचा मैदा जुना असतो, त्याने पाणी धरलेलं असतं, वजन खोटं पडतं, हा त्यांचा नवा शोध. जाताना मला खाली काकूंजवळ बसायला सांगून गेले. मी पेपर तपासायला घेऊन बसले. काकू बराच वेळ माझ्या लाल पेनाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, मी त्याईले खोटं सांगतलं."

मी पेन ठेवलं.

त्या सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलल्या. नीट आठवत नाही असं दाखवून मैदा त्या कधी दीड वाटी सांगायच्या, कधी दोन. दाखवलेली वाटीही नेहमीची नव्हतीच. लोण्याचं तर त्यांनी एकदाही खरं सांगितलं नव्हतं.

"कावून पन, काकू?"

"एकदा का सारं त्याईच्या काट्यावर चढलं, मंग मले कोन विचारन?" त्या थांबल्या, तोंडाच्या कडेला आलेली लाळ त्यांनी डाव्या हाताने पुसली. "रविवारी विचारतात न मले. किती, कसं, कवा. बाकी दिवस काय विचारतात? संडासले जाचं काय, इतलंच."

मीही एका घरात काही वर्षं काढली होती, जिथे मला काही विचारायचा प्रश्नच आला नव्हता. मी उठून त्यांना पाणी दिलं. याची चर्चा करायची नाही हे आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं.

तेवढ्यात काकांची स्कूटर आली. ते आत आले ते बूट न काढता. हातात कागदाच्या तीन पुड्या आणि अंड्यांची पिशवी. चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा उजळलेला. कॅम्पातल्या ज्या जुन्या सिंधी शेठकडून ते क्वार्टरच्या दिवसांत सामान आणायचे, त्याच्याकडे ते कितीतरी वर्षांनी गेले होते. शेठ म्हातारा झाला होता, पण गल्ल्यावर बसलेला होता. त्याने काकांना पाहिलं आणि काही न विचारता पोऱ्याला ओरडून सांगितलं, "इनका वही बर्थडे वाला सामान बाँध." पाव किलो मैदा, पाव किलो साखर, पाव किलो लोणी, चार अंडी.

"मीच आनत होतो," काका म्हणत होते, आधी मला, मग काकूंना, मग परत मला. "दर वेळेस मीच. घरी मैदा ठेवतच नव्हतो आपन, किडे होत होते. जेवढा आनला तेवढा सारा केकात. वजन माझ्याच थैलीत होतं मॅडम, अन् मी गावभर वाटी घेऊन फिरून राहिलो."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी त्या पुड्या ओळखल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, त्या व्यायामाच्या मुलीसमोर मिटत तसे.

त्या दुपारी काकांनी त्यांना काही विचारलं नाही. गरजच नव्हती. काट्यावर एकदा खात्री करून घेतली, शेठची पुडी दोन ग्रॅमने कमी निघाली तेवढी डब्यातून भरून काढली आणि कामाला लागले. ओव्हनच्या काचेतून केक फुगताना दिसत होता आणि वास अख्ख्या गल्लीत गेला. समोरची वहिनी फाटकाशी येऊन उभी राहिली. काकांनी पहिला तुकडा काकूंच्या पुढ्यात धरला. त्यांनी चमचाभर खाल्ला. आम्ही बघत होतो.

"हो," काकू म्हणाल्या. "हाच."

आणि चमचा खाली ठेवला.

काकांनी बाकीचा केक ताटलीत घालून घरोघर वाटला. ज्यांनी ज्यांनी वाटी भरून दिली होती, त्या सगळ्यांना. ज्यांनी दार ओढून घेतलं होतं त्यांनाही. प्रत्येक दारात उभं राहून ग्रॅम सांगितले. मी जिन्यावर बसून माझा तुकडा खाल्ला. तो तोच केक होता, काही फरक नव्हता, आणि मला तो गिळवला नाही.

पुढच्या रविवारी काकू दारात यायला नको म्हणाल्या. पाठ दुखते. काकांनी एकट्याने केक केला, पुन्हा तसाच उत्तम झाला. काकूंनी भूक नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर त्यांनी खुर्ची मागच्या अंगणाकडे वळवून घेतली. तिथे कपडे वाळत घालायची तार आणि भिंत, एवढंच दिसायचं. आता रविवारीही त्या बोलेनाशा झाल्या.

काका वर माझ्याकडे कधी येत नसत, गुडघे दुखायचे म्हणून. त्या आठवड्यात एका संध्याकाळी ते कठडा धरत धरत जिना चढून आले. मी खुर्ची दिली. ते बसले, दम खाल्ला, माझ्या टेबलावरच्या पेपरांच्या गठ्ठ्याकडे बघितलं, पण तो उचलून झुलवला नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की हा माणूस म्हातारा आहे आणि खूप दमलेला आहे. आतापर्यंतचं त्यांचं न थकणं त्या केकसाठी राखून ठेवल्यासारखं होतं. केक जमला आणि ते संपलं.

"मॅडम, ती सैपाकघरात येत नाई आता," त्यांनी सांगितलं. "केक तर बरोबर झाला न? तुमी खाल्ला. माझं काई चुकलं काय?"

मी सांगावं की नाही याचा विचार केला. पण तेव्हा फार वेळ विचार करण्याचीही माझ्यात ताकद नव्हती, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी काकू बोलल्या होत्या ते सगळं सांगितलं. वाटीचं, लोण्याचं, आणि बाकीचे दिवस काय विचारतात तेही, त्यांच्याच शब्दांत.

खाली कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मग ते म्हणाले, "मले वाटलं मी तिचा भार कमी करून राहिलो." आणि थोड्या वेळाने, "तिनं मले फसवलं अन् मी पकडलं. पकडाची काय गरज होती?"

मी चहा विचारला. ते नको म्हणाले आणि आले तसे कठडा धरून उतरले.

रविवारी सकाळी मला खालून हाक आली. मी उतरले तर काकूंची खुर्ची काकांनी अंगणाकडून ओढून आत आणली होती. काकू चिडलेल्या दिसत होत्या. समोर एक स्टूल, स्टुलावर काटा, काट्यावर रिकामं पातेलं, शेजारी मैद्याचा डबा. काकांनी मोठा चमचा काकूंच्या डाव्या हातात दिला.

"आजपासून चार्जिंग तुयाकडे," ते म्हणाले. "तू घाल. मी ढवळतो."

"मले आकडा दिसत नाई."

"मंग नको पाहू."

काकू बराच वेळ चमचा तसाच धरून बसल्या. मला वाटलं, फेकून देतील. मग त्यांनी तो डब्यात घातला. डावा हात, तोही अशक्त. अर्धा मैदा पातेल्यात पडला, अर्धा मांडीवर. दुसरा चमचा स्टुलावर सांडला. काकांचा हात आपोआप पुढे आला, त्यांनी तो मागे घेऊन पाठीशी बांधला. मी दाराला टेकून उभी होते. एरवी पाव किलो मैदा तोलायला कितीसा वेळ लागतो? त्या सकाळी चहा निवून गेला, गल्लीतून भाजीची गाडी येऊन गेली, आणि काकू चमच्याने मैदा घालत होत्या. कपाळावर घाम आला होता. काकांनी तो पुसला नाही. बरं केलं.

काट्यावर दोनशे पन्नास झालं. मला दिसलं, काकांना दिसलं. काकूंनी चमचा पुन्हा डब्यात घातला. काकांच्या नजरेला नजर देत त्यांनी तो भरला, पातेल्यापर्यंत आणला आणि सगळाच्या सगळा उलटा केला. या वेळी थोडाही सांडला नाही.

जन्मभर ज्या माणसाने एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, तो खालचा ओठ दातात धरून उभा होता.

"झालं," काकू म्हणाल्या. "घ्या. ढवळा."

साखरही त्यांनीच घातली, लोणीही. अंडी काकांना फोडू दिली, पण टरफल पडलं म्हणून रागावल्या. ढवळताना दोनदा थांबवून पातेलं जवळ आणायला लावलं, बोट घालून बघितलं, अजून, म्हणाल्या. काकांचा दंड भरून आला होता. केक ओव्हनमध्ये गेला तेव्हा त्या घरातली आम्ही तिन्ही माणसं दमून जिथल्या तिथे बसलो.

केक कोरडा झाला. वाईट नव्हता, पण काकांच्या दोन केकांपुढे कोरडाच. पहिल्या घासालाच कळलं. काकूंनी विचारलं, कसा झाला. काका घास चावत राहिले, पाणी प्यायले.

"मायापेक्षा बरा झाला," ते म्हणाले.

काकूंनी स्वतःचा तुकडा सावकाश संपवला. मग म्हणाल्या, "खोटं बोलून राहिले तुमी."

काकांनी मान खाली घातली. "हो," म्हणाले.

"एक चमचा जास्त गेला. मले दिसत होता आकडा."

"मी काई म्हटलं नाई."

"म्हटलं नाई, पन ओठ चावून चावून सुजवून घेतला," काकू म्हणाल्या, आणि हसल्या. अर्धंच तोंड हसलं, दुसरा अर्धा भाग तसाच राहिला, तरी ते हसणं त्यांचंच होतं. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. हात मैद्याने भरलेला, तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"पुढच्या रविवारी तो चमचा नाई घालत," काकू म्हणाल्या. "पन लोनी वाढवन."

"लोनी कावून? लोनी पाव किलोच."

"वाढवन म्हटलं न."

मी माझी ताटली उचलली आणि वर आले. उन्हं तापली होती. टेबलावर पेपर तसेच पडले होते, सोमवारी ते शाळेत द्यायचे होते. मी पंखा लावला आणि पलंगावर आडवी झाले. खाली लोण्यावरून वाद चांगलाच वाढला होता, काकूंचा तुटक आवाज आणि मध्येच काकांचा, आकडे सांगणारा. मी ऐकत पडले, आणि बऱ्याच महिन्यांनी मला भर दुपारी झोप लागली.